टोर चालू आहे, तरी क्यूटॉक्स ‘ऑफलाइन’. किंवा टोर बंद केला, तरी ‘ऑनलाइन’

क्यूटॉक्ससारखं पीअर-टू-पीअर, म्हणजे मधल्या सर्व्हरशिवाय चालणारं मेसेंजर टोरमधून, म्हणजे आपला पत्ता लपवणाऱ्या रिलेंच्या (मधल्या यंत्रांच्या) जाळ्यातून चालवायला घेतलं की एक तक्रार हमखास येते. टोर चालू आहे, ॲपमध्ये प्रॉक्सीचा, म्हणजे मध्यस्थाचा, पत्ता भरलाय, पण ॲप ऑफलाइनच्या पुढे सरकत नाही. दुसरी तक्रार सहसा कुणी करतच नाही, कारण बिघाड दिसत नाही: ॲप ऑनलाइन आहे, गप्पा रंगल्यात, आणि त्यातलं काहीच टोरमधून जात नाहीये. पहिल्या बिघाडात वेळ जातो. दुसऱ्यात तुमचा आयपी पत्ता जातो, आणि ज्याच्यापासून तो लपवायचा होता त्याच्याच हातात जातो.

म्हणून काहीही दुरुस्त करायच्या आधी एक चाचणी करा. ॲप ऑनलाइन असताना टोर बंद करा. लिनक्सवर टोरची सेवा थांबवा. विंडोजवर टोर ब्राउझरचा टोर वापरत असाल तर तो ब्राउझर बंद करा. दोन-चार मिनिटं थांबा. ॲप ऑफलाइन झालं तर जोडणी टोरमधूनच होती. टोर नसतानाही एखाद्या मित्राचा संदेश येत असेल, तर प्रॉक्सीच्या रकान्यात तुम्ही काय भरलंय याला काही अर्थ नाही. सेटिंग बदलल्यावर, ॲप नव्या आवृत्तीवर नेल्यावर, नवीन लॅपटॉप घेतल्यावर ही चाचणी पुन्हा करायची. ऑनलाइन दिसणं हा टोर नीट चालल्याचा पुरावा नाही. टोर गेल्यावर ऑफलाइन होणं हा पुरावा आहे.

क्यूटॉक्स ज्या टॉक्स पद्धतीवर चालतं तिला मध्यवर्ती सर्व्हर नाही. मित्राचं यंत्र डीएचटी नावाच्या सामायिक पत्त्यांच्या जाळ्यातून तुमचं यंत्र शोधतं आणि मग शक्य असेल तर दोघं थेट जोडले जातात, तेही युडीपीवरून, म्हणजे पोच न घेता पाकिटं धाडण्याच्या पद्धतीने. थेट म्हटल्यावर त्याला तुमचा आयपी कळणारच. हा दोष नाही, रचनाच तशी आहे. इथे एक गैरसमज फार पसरलाय. टॉक्सच्या आत स्वतःचा एक ओनियन थर (टोरसारखा मधल्या यंत्रांमधून फिरवणारा) आहे, तो पाहून ‘टॉक्समध्ये टोर आहेच की’ असं लोक सांगतात. त्या थराचं काम वेगळं आहे. तुमची कायमची ओळख आणि तुमचा आयपी यांची जोडी अनोळखी लोकांना लागू नये एवढंच तो पाहतो. यादीतल्या मित्रांपासून आयपी लपवणं त्याच्या कामात नाही. आणि ‘मित्र’ म्हणजे कोण, तर ज्याची विनंती तुम्ही कधीतरी एका रात्री स्वीकारलीत तोही.

आयपीवरून घर सापडत नाही हे खरं. कंपनी कळते, शहराचा अंदाज येतो. पण कंपनीकडे ग्राहकाचं नाव असतं. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा देणाऱ्यांनी नोंदी १८० दिवस ठेवायच्या आहेत, आणि व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची पडताळलेली नावं, पत्ते, दिलेले आयपी पाच वर्षं. म्हणजे इथल्या व्हीपीएनने तुमचं नाव एका वहीतून दुसऱ्या वहीत जातं. टोरमध्ये तीन रिले असतात. पहिल्याला तुम्ही कोण ते कळतं, तिसऱ्याला कुठे जायचंय ते कळतं, दोन्ही एकालाच कळत नाही.

मोबाइल नेटवर्कवर एक आयपी पुष्कळ ग्राहकांत वाटलेला असतो, तेव्हा आपण गर्दीत लपलोय, असंही काही जण म्हणतात. ते आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीपुरतं. जिओसारख्या नेटवर्कवर आयपीव्ही६ ही नवी पद्धत सर्रास चालते, आणि तिथला पत्ता गर्दीत वाटलेला नसतो, तुमच्याच जोडणीचा असतो.

अडचणीचं मूळ एकच आहे. टॉक्सला थेट आणि युडीपी हवं. टोर फक्त टीसीपी (पोच घेत चालणारी पद्धत) वाहतो, आणि तेही फिरवून. पुढचे बहुतेक बिघाड याच सांध्यावर होतात.

प्रॉक्सी भरला, पण काहीच जोडलं जात नाही

आधी पोर्ट, म्हणजे यंत्रावरच्या दाराचा आकडा, बघा. वेगळा बसवलेला टोर ९०५० वर ऐकतो, टोर ब्राउझरमधला टोर ९१५० वर. कुठल्या तरी जुन्या लेखातून ९०५० उचलायचं आणि यंत्रावर फक्त टोर ब्राउझर असायचा, हा सगळ्यात नेहमीचा घोळ. ब्राउझरचा टोर वापरणार असाल तर ब्राउझर उघडा ठेवावा लागेल. तो मिटला की मेसेंजरही गेला. रोजच्या वापराला वेगळा टोरच बरा.

प्रॉक्सीचा प्रकार सॉक्स५ ठेवा, एचटीटीपी नको. पत्त्याच्या जागी ‘लोकलहोस्ट’ लिहू नका, १२७.०.०.१ असे आकडेच लिहा. काही यंत्रांवर लोकलहोस्टचा अर्थ आधी आयपीव्ही६ चा घरचा पत्ता असा लागतो, टोर मात्र नेहमीच्या मांडणीत १२७.०.०.१ वर बसलेला असतो. जोडणी नाकारली जाते आणि माणूस दोष टोरला देतो.

डेबियन-उबुंटूवाल्यांसाठी एक खास गंमत. ‘टोर’ नावाच्या सेवेची स्थिती विचारली तर ‘ॲक्टिव्ह’ आणि पुढे ‘एक्झिटेड’ असं उत्तर येतं. अर्धे लोक घाबरतात की टोर बंद पडलाय, उरलेले ‘ॲक्टिव्ह’ वाचून निर्धास्त होतात. दोघांचंही चुकतं. ती नुसती नावापुरती सेवा आहे. खरा टोर ‘टोर ॲट डिफॉल्ट’ या नावाने चालतो. स्थिती आणि लॉग त्याचाच बघायचा, आणि त्यात ‘बूटस्ट्रॅप्ड १००%’ ही ओळ शोधायची. वरच्या चाचणीसाठी टोर थांबवलात की तो या नावाखालीही थांबलाय ना, हेही बघून घ्या.

टोरच शंभरापर्यंत पोचत नाही

टक्केवारी मध्येच अडकली असेल तर मेसेंजरला हात लावू नका, त्याचा काही संबंध नाही. दोन संशयित आहेत: घड्याळ आणि नेटवर्क.

घड्याळाचा मामला आपल्याकडे जरा जास्तच होतो. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ लिहून ठेवतं आणि लिनक्स तीच वेळ जागतिक प्रमाणवेळ समजून वाचतं. झाला साडेपाच तासांचा फरक. इंटरनेटवरून वेळ घेण्याची सोय चालू असेल तर तो थोड्या वेळात भरून निघतो. नसेल तर टोर अडखळतो, कारण रिलेंची सामायिक यादी दर तासाला नव्याने निघते आणि एक यादी तीन तासांसाठीच वैध धरलेली असते. लॉगमध्ये घड्याळाबद्दलचा इशारा स्पष्ट लिहिलेला असतो, फक्त कुणी तिथवर वाचत नाही. वेळेबरोबर टाइमझोनही तपासा. वेळ बरोबर दिसावी म्हणून टाइमझोन चुकीचा ठेवून काटे हाताने फिरवलेले लॅपटॉप असतात. टोरला भिंतीवरच्या घड्याळाशी घेणंदेणं नाही, तो प्रमाणवेळ मोजतो.

घड्याळ ठीक असेल तर नेटवर्ककडे वळा. कॉलेजच्या, हॉस्टेलच्या, ऑफिसच्या वायफायवर टोरचे उघडे रिले अडवलेले असू शकतात. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून पाहिलं की लगेच कळतं: तिथे शंभर टक्के होत असेल तर वायफायच अडवतंय. मग ब्रिज वापरा. ब्रिज म्हणजे जाहीर यादीत नसलेला पहिला रिले. ओब्फ्स४ प्रकार वाहतूक निरर्थक बाइट्ससारखी दाखवतो. स्नोफ्लेक स्वयंसेवकांच्या ब्राउझरमधून व्हिडिओ कॉलच्या तंत्राने वाट काढतो. स्नोफ्लेकला काही भरावं लागत नाही, नुसतं निवडायचं, पण त्याचा वेग वरखाली होतो. कायमच्या वापराला मी ओब्फ्स४ घेईन. ऑफिसच्या यंत्रावर मात्र हे प्रयोग करू नका. तिथे प्रश्न टोरचा उरत नाही, यंत्र कुणाच्या मालकीचं आहे याचा असतो.

टोर शंभर टक्के, प्रॉक्सी बरोबर, तरी ऑफलाइन

आता टॉक्सची पाळी. सेटिंग्जमधल्या प्रगत भागात ‘युडीपी चालू’ अशी खूण असते, ती काढा. प्रॉक्सी दिलेला असेल आणि त्यातून युडीपी जाणार नसेल तर टॉक्सची लायब्ररी ते आपोआप बंद करते, असं तिच्याच दस्तऐवजात लिहिलंय. तरी मी खूण हाताने काढतो. लिनक्सच्या वितरणासोबत आलेली लायब्ररी किती जुनी आहे याचा भरवसा कोण देणार? घरातल्या नेटवर्कवर मित्र शोधण्याची सोयही बंद करा. ती युडीपीवरच चालते, आणि एकाच वायफायवरच्या बाकी यंत्रांना इथे टॉक्स चालू आहे हे ओरडून सांगते.

खूण काढली, ‘ओके’ केलं, म्हणजे झालं असं नाही. क्यूटॉक्सची खिडकी बंद केली तरी ते घड्याळाशेजारच्या पट्टीत लपून चालू राहू शकतं, जुन्या जोडणीसकट. तिथून पूर्ण बाहेर पडा आणि पुन्हा उघडा.

युडीपी गेलं की टॉक्स टीसीपी रिलेंवर अवलंबून राहतं, आणि तिथवर जायला टोरच्या एक्झिट, म्हणजे शेवटच्या, रिलेने त्या टॉक्स रिलेच्या पोर्टवर जाऊ द्यावं लागतं. टॉक्सची नेहमीची पोर्टं ३३४४५ आणि ३३८९. एक्झिट चालवणाऱ्या अनेकांनी गैरवापराच्या तक्रारी कमी व्हाव्यात म्हणून मोजकीच पोर्टं मोकळी ठेवलेली असतात. त्यांच्यातून ३३४४५ वर जाता येईलच असं नाही. म्हणून पहिल्या जोडणीला साध्या इंटरनेटपेक्षा बराच वेळ लागतो. पाच मिनिटं सेटिंग्जना हात न लावता थांबणं हा इथला खराखुरा उपाय आहे. थांबूनही हलत नसेल तर सुरुवातीच्या नोडांची, म्हणजे ॲप आधी ज्यांच्याशी जोडलं जातं त्या यंत्रांची, यादी बघा. ॲपबरोबर आलेली यादी जुनी झालेली असू शकते, त्यातले काही नोड बंद पडलेले असू शकतात. टॉक्स प्रकल्प चालू नोडांची यादी त्यांच्या टीसीपी पोर्टांसकट प्रसिद्ध करतो. ४४३ वर ऐकणारा नोड मिळाला तर तो वर घ्या, कारण ते पोर्ट बहुतेक एक्झिटवर उघडं असतं.

याच सुमारास टोरच्या लॉगमध्ये एक इशारा दिसेल: ॲप टोरला नाव न देता थेट आयपी देतंय, नाव शोधताना माहिती गळत असू शकते. टॉक्सच्या बाबतीत त्यातला बराचसा भाग निरुपद्रवी आहे, कारण नोडांचे पत्ते यादीतच आकड्यांत लिहिलेले असतात. पण यादीत काही नोड नावाने असतील तर शंकेला जागा आहे. हाताने भरताना आकडेच भरा.

जोडलं गेलंय, चाचणीही उतरली. तरी आयपी कसा कळला?

इथे बिघाड सॉफ्टवेअरचा कमी आणि सवयीचा जास्त असतो. टॉक्स आयडी ७६ अक्षरांचा असतो आणि त्यातला मोठा भाग तुमची कायमची सार्वजनिक किल्ली. तोच आयडी गेलं वर्षभर टोरशिवाय वापरला असेल तर मित्रांच्या यंत्रांना तुमचा जुना आयपी आधीच माहीत आहे. आज टोर लावून ती माहिती पुसली जात नाही. नवं प्रोफाइल काढा, ते पहिल्या क्षणापासून टोरमधूनच उघडा आणि नवा आयडी ज्यांना द्यायचा त्यांनाच द्या. जुनं प्रोफाइल त्याच यंत्रावर ‘असू दे, कधीतरी लागेल’ म्हणून ठेवलं तर एक दिवस तेच उघडलं जातं. तेच प्रोफाइल फोनवर नेऊन तिथे टोरविना चालवलं, तरी परिणाम तोच.

गप्पांत आलेल्या दुव्यावर टिचकी मारली की तो नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडतो, आणि त्या ब्राउझरला तुमच्या प्रॉक्सीचा पत्ताही नाही. समोरच्याने स्वतःच्या सर्व्हरवरचा दुवा पाठवला असेल तर त्याच्या नोंदीत तुमचा खरा आयपी आला. दुवा कॉपी करून टोर ब्राउझरमध्ये नेऊन उघडा. कंटाळवाणं आहे खरं. फोटोंचंही तसंच: मोबाइलने काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश असतील तर टोर ते इमानेइतबारे पोचवतो.

ॲपच आतून पत्ता फोडतं हे काही नवं नाही. २०१० मध्ये टोर प्रकल्पाने बिटटॉरेंट टोरवरून चालवू नका असं जाहीरपणे सांगितलं, त्यामागे हेच कारण होतं: प्रॉक्सी बरोबर असूनही काही टॉरेंट ॲप ट्रॅकरला (टॉरेंटवाल्यांची गाठ घालून देणाऱ्या सर्व्हरला) पाठवायच्या मजकुरातच स्वतःचा खरा आयपी लिहून देत होती. टोर पाकीट पोचवतो, आत काय लिहिलंय ते तो वाचत नाही.

शंका असेल तर जोडण्या डोळ्यांनी बघा. विंडोजवर रिसोर्स मॉनिटरच्या नेटवर्क भागात, लिनक्सवर सॉकेटांची यादी देणाऱ्या आज्ञेत. मेसेंजरच्या नावापुढे १२७.०.०.१ सोडून दुसरा कुठलाही पत्ता दिसता कामा नये. ‘टोरसॉक्स’ लावून चालवलंय म्हणून निश्चिंत होणाऱ्यांनी तर हे बघाच. टोरसॉक्स ॲपच्या प्रणालीकडच्या मागण्या मध्येच अडवून वळवतं, आणि गो भाषेत लिहिलेले प्रोग्रॅम त्या वाटेने मागणीच करत नाहीत, ते सरळ बाहेर पडतात. फ्लॅटपॅकच्या पेटीत चालणाऱ्या ॲपपर्यंतही ते पोचत नाही.

फोनवर दर अर्ध्या तासाने तुटतं

फोनवर ऑर्बॉट (अँड्रॉइडवर टोर चालवणारं ॲप) आणि एटॉक्स (अँड्रॉइडचं टॉक्स मेसेंजर) अशी जोडी असेल तर पहिला संशय बॅटरी वाचवणाऱ्या सोयीवर घ्या. अँड्रॉइड ६ पासून पडदा बंद असताना ॲपना झोपवण्याची पद्धत आहे, आणि शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी या आपल्याकडच्या खपाऊ फोनांवर त्याहून कडक नियम वरून लावलेले असतात. ऑर्बॉट आणि मेसेंजर दोन्हींना बॅटरीच्या बंधनातून सूट द्या, ऑटोस्टार्टची परवानगी द्या, आणि अलीकडच्या ॲपच्या यादीत कुलूप लावता येत असेल तर लावा. एकालाच सूट देऊन उपयोग नाही.

ऑर्बॉट व्हीपीएनच्या रूपात चालवत असाल तर अँड्रॉइड एका वेळी एकच व्हीपीएन चालू देतं. ऑफिसचा व्हीपीएन सुरू केला की ऑर्बॉट बाजूला पडतो. म्हणून अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ऑर्बॉट ‘कायम चालू’ ठेवा आणि व्हीपीएनशिवायच्या जोडण्या अडवा ही खूणही करा. त्या खुणेचा जाच होतो, ऑर्बॉट पडला की मेसेंजरच मुका होतो. तेच तर हवंय.

कॉल तुटक येतात, मोठी फाइल रेंगाळते, ही तक्रार घेऊन दुरुस्तीला बसू नका. तीन रिलेंमधून टीसीपीवर आवाज नेला की असंच होणार. आणि दोघं एकाच वेळी ऑनलाइन नसतील तर संदेश पोचत नाही, हा टोरचा नव्हे, टॉक्सचा स्वभाव आहे.

हे सगळं नकोच असेल तर

मला विचाराल तर, मित्रांपासूनही आयपी लपवणं हीच मुख्य गरज असेल तर टॉक्सला टोर जोडत बसण्यापेक्षा टोरवरच बांधलेलं ॲप घ्यावं. रिकोशे रिफ्रेश आणि कॅनडातल्या ओपन प्रायव्हसी संस्थेचं कुच ही दोन्ही ओनियन सेवांवर, म्हणजे टोरच्या आतच राहणाऱ्या पत्त्यांवर, चालतात. एक्झिट रिलेची भानगड नाही, युडीपीचा प्रश्न नाही. जोडलं जात नसेल तर आयडी बघा: ओनियन पत्ता आता ५६ अक्षरांचा असतो, १६ अक्षरांचे जुने पत्ते २०२१ मध्ये कायमचे बंद झाले. जुन्या ‘रिकोशे’ची फाइल कुठून तरी उतरवली असेल तर ती कितीही वेळ वाट पाहिली तरी जोडली जाणार नाही. आवृत्ती नवी असण्याचं कारण एवढंच नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मन माध्यमांनी बातमी दिली की तिथल्या तपास यंत्रणांनी वेळेच्या विश्लेषणातून एका रिकोशे वापरणाऱ्याचा माग काढला होता. टोर प्रकल्पाचं म्हणणं असं, की ती व्यक्ती पहिल्या रिलेचा माग काढणं अवघड करणारं संरक्षण नसलेली, कधीच निवृत्त झालेली आवृत्ती वापरत होती.

ब्रायर हेही याच जातीचं आणि चांगलं बांधलेलं ॲप, पण मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली बंद केलेल्या १४ ॲपमध्ये ते होतं. भारतात असाल तर हे माहीत असलेलं बरं. परदेशातल्या मित्रांकडे ते चालत असेल आणि नवा संपर्क जोडला जात नसेल, तर लक्षात ठेवा की दोघांनीही एकमेकांची लिंक टाकावी लागते. ४८ तासांत जोडणी झाली नाही तर प्रयत्न फसला असं दाखवतं. मग दोघांनीही तो अर्धवट संपर्क पुसून पुन्हा लिंका टाकायच्या.

एवढं करूनही अडलं आणि मदत मागायची वेळ आली, तर टोरच्या लॉगमधल्या शेवटच्या वीसेक ओळी, क्यूटॉक्सची आणि टोरची आवृत्ती, आणि टोर बंद केल्यावर ॲप ऑफलाइन झालं की नाही, एवढं द्या. देण्याआधी त्यातून ब्रिजच्या ओळी, टॉक्स आयडी आणि फोल्डरच्या वाटेत दिसणारं यंत्रावरचं तुमचं नाव पुसून टाका. पडद्याचं चित्र पाठवणार असाल तर कोपऱ्यात मित्रांची यादी दिसत नाहीये ना, तेही बघा.